पगारी बाई

“सेवेला पगार असतो व्हय?”

पडवीत दाटीवाटीनं बसलेल्या माणसांत अक्काबाई उभी राहिली. निमगाव केतकीतल्या मुलींच्या वसतिगृहाची सभा होती, साल पंच्याण्णव. गेली सोळा वर्षं अक्काबाई इथल्या पोरींचं सगळं बघत होती. भाकरी तिच्या, वेण्या तिच्या, तापल्या पोरीच्या कपाळावर पट्ट्या तिच्याच. बदल्यात दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी.

“सोळा वर्षांत म्या येक रुपाया मागितला का? सांगा की कुनीबी!”

“न्हाय, न्हाय!” लोक म्हणाले.

अक्काबाईला बरं वाटलं. आठ महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आठ महिन्यांपूर्वी संस्थेनं वसतिगृहाची प्रमुख म्हणून पुण्याहून मेघनाला आणलं होतं. वय अठ्ठावीस. पगार पाच हजार. पाच हजार! तेवढ्यात अख्ख्या आळीची लुगडी झाली असती. शिवाय मेघनाला लुना होती, खोलीत पंखा होता, साड्या सगळ्या इस्त्रीच्या. हेही अक्काबाईनं गिळलं असतं. पण कालपरवापर्यंत “अक्का, अक्का” करत पदराला लोंबणाऱ्या पोरी आता वह्या घेऊन “मॅडम, मॅडम” करत तिकडं धावायच्या. ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी एकटी असली की ती मेघनाचं नावसुद्धा घ्यायची नाही. ‘पगारी बाई’ म्हणायची.

बाई कामाची होती, हे तिला दिसत नव्हतं असं नाही. पुण्याला खेटे घालून तिनं अडकलेलं अनुदान सोडवलं. गळकं छप्पर दुरुस्त करून घेतलं. दहावीला बसलेल्या सातही पोरी पास झाल्या. पण वसतिगृहात काही चांगलं झालं की अक्काबाई आणखीच जळायची. एवढा पगार घेऊन करायला काय जातंय?

रोज सैपाकाआधी एक मूठ ज्वारी बाजूला काढायची आणि रविवारी वसतिगृहाला द्यायची, अशी गावातल्या बौद्ध घरांची जुनी रीत होती. पोतं घेऊन फिरायचं काम अक्काबाईचं. आता ती प्रत्येक उंबऱ्यावर जरा जास्त रेंगाळू लागली. “घाला बायांनो, घाला. मॅडमच्या पगाराला कमी पडाय नगं,” एवढंच म्हणायची आणि पुढं जायची. दोन महिन्यांत पोतं अर्ध्यावर आलं. पोरींना दीडाच्या जागी एकच भाकरी मिळू लागली. म्हणून ही सभा बोलवावी लागली होती.

“मॅडम, तुमचं काय म्हणणं?” अध्यक्ष बुद्धभूषण गुरुजींनी विचारलं.

मेघना उभी राहिली. “पगार घेते म्हणून तुम्ही मला जाब विचारू शकता. काम नीट केलं नाही तर काढू शकता. माझ्या घरी आई आहे, शिकणारा भाऊ आहे. पगाराशिवाय मी राहू शकणार नाही, हे खरंच आहे.”

“बघा! पैशापायीच आलीया,” मागून कुणीतरी म्हणालं.

अक्काबाईला हेच हवं होतं. ‘संस्थेत काम करणाऱ्या कुणालाही यापुढं पगार मिळणार नाही,’ असा ठराव तिनंच मांडला. भराभर हात वर गेले. सगळ्यांत आधी तिचा.

“मग पुढचा विषय खोडायला हवा,” चिटणीस धम्मदीप कागद बघत म्हणाला.

“कुठला विषय?” अक्काबाईनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. “मेघना मॅडमनी मांडलाय. श्रीमती अक्काबाई यांना अधीक्षिका म्हणून कायम करावं. पगार दरमहा अठराशे रुपये, शिवाय फंड.”

अक्काबाईला आधी कळेचना. मग तिनं तो आकडा पुटपुटून बघितला.

“आवं, खोडा की!” एक म्हातारा कौतुकानं म्हणाला. “आमची अक्का घील व्हय असला पैसा?”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायांनीही वाजवल्या. अक्काबाई त्यांच्याकडं बघत राहिली. किती मायेनं वाजवत होते सगळे! सोळा वर्षांत आपल्याला पगार द्यावा असं यातल्या एकालाही सुचलं नव्हतं. सुचलं ते या पगारी बाईला, जिच्या पोटावर आपण आत्ताच पाय दिला.

मेघनानं धम्मदीपच्या हातातला कागद आपल्याकडं घेतला. पेनाचं टोपण काढलं. “अक्का, खोडू?”

अक्काबाईनं पेनाकडं बघितलं. आता हो म्हटलं की मरेपर्यंत गाव तिला देवमाणूस म्हणणार होतं.

“थांबा,” ती म्हणाली. “माज्या सासऱ्यानं छप्पन साली धम्म घेतला आन् गावाची फुकाटची कामं टाकली. त्यापायी मार खाल्ला, पन परत केली न्हाईत. त्यांच्या घरात मीच येकटी अजून फुकाट राबत बसलीया. आन् वर त्येच मिरवतीया! गुरुजी, ठराव मागं घ्या. दोनी पगार लिवा.”

मेघनानं कागद गुरुजींपुढं ठेवला. अक्काबाईनं मेघनाच्या इस्त्रीच्या साडीकडं एकदा तिरकं बघितलं.

“पन आदी माजा लिवा.”