आईची कळशी

विहीर पार कोरडी पडली, तेव्हा दोघा भावांच्या सामाईक मालकीची मोटर काढून विकायचं ठरलं. धाकटा दोर धरून खाली उतरला आणि तळातूनच ओरडला, "दादा, आईची कळशी!"

थोरल्याने ती वर ओढून घेतली, सदऱ्याच्या टोकाने पुसली. तीच ती तांब्याची, काठाला पोचा आलेली. लहानपणी पाणी शेंदताना आईच्या दोराची गाठ सुटली होती. गळ टाकून टाकून दोघांचे हात भरून आले, पण अथांग पाण्यात कळशी काही लागली नव्हती.

धाकटा वर आला आणि कितीतरी दिवसांनी दोघं काठावर शेजारी टेकले. एकाच विहिरीवर पाळी लावून पाणी घ्यायचे, तेव्हा रोज हाक मारावी लागे. पुढे धाकट्याने स्वतःची बोअर घेतली, थोरल्याने तिच्याहून खोल घेतली. तू शेर तर मी सव्वाशेर करत दोघं खाली खाली जात राहिले आणि हाक मारायचं कारणच उरलं नाही.

"अण्णा काय चिडले होते तेव्हा!" धाकटा हसत म्हणाला. "आई बिचारी रडतेय, आणि हे म्हणतात, माझ्या पोरांना ती कळशी कधी न सापडो!"

थोरल्याने कळशी मांडीवर घेतली आणि उघड्या पडलेल्या तळाकडे पाहिलं.

"चिडले नव्हते रे. आशीर्वाद देत होते."