पत्र्यावरचा फॅक्स

प्रभाकरने फॅक्सचा लांबलचक कागद गच्चीवरच्या पत्र्यावर पसरला आणि दोन्ही टोकांवर खडे ठेवले. मे महिना होता. पत्र्याला हात लावता येत नव्हता.

टावर चौकातल्या एसटीडीवाल्याने कागद देताना बजावलं होतं, "सरजी, धूप में मत रखना. काला पड़ जाता है. पहले ज़ेरॉक्स करा लो."

प्रभाकरने झेरॉक्स केली नव्हती. कागद वाचलाही नव्हता.

त्यावर अलकाच्या सगळ्या शोधनिबंधांची यादी होती. एम.एस्सी.ला दोघं एकाच बाकावर बसत, इथेच, उज्जैनला. पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती एकच होती. ती अलकाला मिळाली. आता ती हैदराबादला मोठी शास्त्रज्ञ होती. वनस्पतीतला एखादा जीन काढून न टाकता नुसता गप्प कसा करायचा, हा तिचा विषय. हल्ली ती जीनमध्ये नेमक्या जागी बदल करण्याच्याही मागे लागली होती. प्रभाकर सव्वीस वर्षं कॉलेजात जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद शिकवत होता.

संध्याकाळी मराठी मंडळात तिचा सत्कार होता. मंडळाचे चिटणीस बापू म्हणाले होते, "परिचय तुम्हीच वाचा, सर. ती नावं उच्चारणारा आपल्यात दुसरा आहे कोण?"

दोन तासांनी तो गच्चीवर गेला. कागद काळा पडला होता. त्याला बरं वाटलं. मग बरं वाटल्याची लाज वाटली. पण कागद काळाच राहिला.

हॉलमध्ये अलका पहिल्या रांगेत होती. "बारीक झालास रे," ती म्हणाली. "बाकी तसाच आहेस." तो नुसता हसला. बाकी तसाच, हे त्याला लागलं.

त्याने बापूंना कागद दाखवला. "खराब झाला. उन्हात राहिला."

"हद है!" बापू म्हणाले. "जाऊ द्या, टेन्शन नका घेऊ. मी दोन शब्द बोलून देतो."

बापूंनी माईक हातात घेतला. "आपल्या अलकाताईंनी पिकांवरचं एक मोठं औषध शोधून काढलंय. त्यांचे पंधरा-वीस लेखही छापून आलेत." टाळ्या पडल्या.

प्रभाकरला हेच हवं होतं. तो खुर्चीत मागे टेकला. त्याला टेकवेना.

"एक्केचाळीस," तो म्हणाला.

"काय, सर?"

"पंधरा-वीस नाहीत. एक्केचाळीस. आणि औषध नाही ते."

बापूंनी माईक त्याच्याकडे दिला. माईकसमोर त्याचा आवाज नेहमी बसायचा. आज तो डोळे मिटून उभा राहिला आणि पहिल्या निबंधापासून सुरू झाला. साल, मासिक, पीक, निष्कर्ष. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो तिचा प्रत्येक निबंध चूक शोधण्यासाठी वाचत आला होता. चूक सापडत नसे, म्हणून पुन्हा वाचत असे. एक पुस्तिका तर त्याने पत्र पाठवून कोइमतूरहून मागवली होती.

"सव्विसावा, एकोणनव्वद साल, चर्चासत्राची पुस्तिका," तो म्हणाला. "फुलांचा रंग गडद व्हावा म्हणून हिने रंगाचा आणखी एक जीन घातला. फुलं आली पांढरी. नवा जीन गप्प, त्याच्यापायी जुनाही गप्प. हिने लिहिलं, प्रयोग फसला. खरं तर हिचं पुढचं सगळं काम तिथूनच निघालं."

अलकाने पर्समधून यादीची मूळ प्रत काढली होती. तिचं बोट एकेका ओळीवरून सरकत होतं. सव्विसाव्यापाशी ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा थांबलं.

एक्केचाळीस झाले. प्रभाकर घाम पुसत तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

"माझ्याकडे चाळीसच आहेत," अलका हळूच म्हणाली. "तो पांढऱ्या फुलांचा मी कधी धरलाच नाही. फसलेला होता ना."

"फसलेला नव्हता," प्रभाकर म्हणाला.

तिने कागद मांडीवर सरळ केला आणि पेनाचं टोपण काढलं.

"साल कोणतं म्हणालास?"