सतराव्या प्रकरणातली मावशी

तिची कादंबरी सासूबाईंच्या जिवावर चालली होती. दहा ते एक स्वयंपाकघर सासूबाईंचं, मुलांना शाळेतून आणणंही त्यांच्याकडे. बदल्यात त्या दिवशी लिहिलेली पानं दुपारी त्यांना वाचायला द्यायची, एवढाच करार. सतराव्या प्रकरणात कादंबरीतली म्हातारी शिवणकामवाली मावशी न्यूमोनियाने गेली. सासूबाईंनी पानं वाचली, चष्मा काढला आणि खोलीत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सिंकमध्ये भांड्यांचा ढीग तसाच होता.

"आई, बरं नाही का?"

"मला काय धाड भरलीय? मावशी गेली ना काल. हातपाय गळून गेलेत माझे. पोरांना आज तूच आण."

तीन दिवस तिची एक ओळ लिहून झाली नाही. चौथ्या दिवशी तिने ते प्रकरण बदललं. मावशीचा ताप उतरला.

महिन्याभराने संपादकाचा फोन आला. "बाकी झकास जमलंय. पण मावशी त्या दुखण्यातून उठते, हे काही पटत नाही. मारून टाका तिला, कादंबरी कुठल्या कुठे जाईल!"

 

"कादंबरी जाईल हो. पण माझ्या मुलांना आणायला कोण जाईल?"