अकरा माणसांचा बँड

दुकानातल्या जुन्या फोटोत श्रीमंत डावीकडून चौथा. लाल कोट, ओठांना क्लॅरिनेट, गाल टम्म फुगलेले. आज तो देशभर गाजलेला रॉक गिटारवाला आहे आणि धनश्री त्याच्या जुन्या बँडवर पुस्तक लिहिते आहे. त्यासाठीच ती पुण्याहून केडगावात, सहादेव मास्तरांच्या लग्नाच्या बँडच्या दुकानात आली होती.

मास्तरांना पुस्तकात एकच ओळ हवी होती : श्रीमंतचे गुरू, सहादेव मास्तर. श्रीमंत मुलाखतींत विलायती बँडांची नावं घ्यायचा, केडगावचं चुकूनही नाही. हे मास्तरांना फार सलायचं. दुकानाच्या पाटीवर मात्र ‘क्लॅरिनेट सम्राट सहादेव’ अजून झळकत होतं. धनश्रीने दोन सूर वाजवून दाखवायची विनंती केली, तेव्हा कवळी बसवल्यापासून फुंक सोडल्याचं त्यांनी सांगितलं.

मग तिने श्रीमंतच्या क्लॅरिनेटची आठवण विचारली. मास्तर घुटमळले आणि खरं काय ते बोलले. लोक अकरा माणसांच्या बँडची सुपारी द्यायचे, वाजवणारे मिळायचे सहा-सात. उरलेल्यांना नुसते कोट चढवायचे. गाल फुगवायचे, बोटं नाचवायची, आवाज काढायचा नाही. श्रीमंत त्यांतला, आणि सगळ्यांत देखणा. लोक त्याच्याचकडे बघत नाचायचे. एकदा घोडेगावच्या वरातीत त्याला राहवलं नाही, त्याने खरंच फुंकलं. घोडी उधळली. नवरदेव थेट जनावरांच्या बाजारात, म्हशींच्या दावणीपाशी सापडला. त्याच दिवशी मास्तरांनी श्रीमंतच्या अंगावरचा कोट उतरवला.

धनश्रीचं पेन थांबलं. श्रीमंतच्या प्रत्येक कार्यक्रमात एक मिनिट असं येतं, की तो आवाज न काढता तारांवर नुसती बोटं नाचवतो. पब्लिक रडतं. तिने स्वतः तीनदा तिकीट काढलं होतं आणि तिन्ही वेळा ती रडली होती.

“मास्तर, हे न वाजवणं त्याला शिकवलं कुणी? ज्यानं शिकवलं, त्याचं नाव गुरू म्हणून छापते.”

मास्तरांनी पाटीकडे पाहिलं. आत विजयमालाबाई चहा गाळत होत्या. क्लॅरिनेटवर भाळूनच त्यांनी मास्तरांशी लग्न केलं होतं. मास्तरांनी उठून आतलं दार लोटलं.

“लिवा ताई, माझंच नाव लिवा,” ते हळूच म्हणाले. “एक्केचाळीस वर्षं झाली बँडला. मला अजून वाजवता येत न्हाई.”