दंडातली कुपी

परवा भाऊबीजेला मंदारने ओवाळणीत भारी साडी घातली होती. आज रजिस्ट्रार कचेरीत त्याने वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडल्याचा कागद थोरल्या बहिणीपुढे सरकवला.

"सही करणार नाही," एवढंच वृंदाला म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आले, तोच मंदार कानाशी पुटपुटला, "ताई, आईच्या आजारपणात कुठे होतीस गं तू?"

आईचं हगणंमुतणं तिनेच तर काढलं होतं! वृंदाच्या कानशिलांत रक्त उसळलं, आणि दंडाला मुंगी चावल्यासारखं झालं. कातडीखालची कुपी उघडली होती. रक्तदाब चढला की ती आपोआप औषध सोडायची आणि सगळं कसं गोड, सुस्त होऊन जायचं. बहिणीच्या काळजीपोटी मंदारनेच ती बसवून दिली होती.

"कुणाची जबरदस्ती नाही ना, ताई?" अधिकाऱ्याने विचारलं.

आतल्या आत वृंदा किंचाळली. तिचा चेहरा मात्र हसला, मान हलली आणि बोटांनी पेन उचललं.

अधिकारी कौतुकाने मंदारला म्हणाला, "पूर्वी इथे काय रडारड व्हायची! हल्ली सगळ्याच बहिणी हसतमुखाने सही करतात."