सुटलेला झेल

"दाढी पूर्ण उतरवायची?" पर्विस न्हाव्यानं विचारलं.

"पूर्ण," लोंझो म्हणाला.

चाळीसेक वर्षं तो ह्या दाढीमागं लपला होता. पण दुपारी आईला पुरायचं होतं, आणि आईनं त्याला दाढीत कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर शेवटचं उभं राहायचं ते तिच्या ओळखीचं तोंड घेऊनच, हे त्यानं शिकागोहून येताना बसमध्ये ठरवलं होतं. स्वतः करावी तर जवळ वस्तरा नव्हता. हे दुकान त्याच्या वेळी नव्हतं, न्हावीही अनोळखी, म्हणून तो आत शिरला. चर्चमध्ये पोचेपर्यंत कुणी ओळखू नये, एवढंच मागणं होतं.

खुर्चीत बसल्यावर कळलं, बाकावर त्याच्या वेळचा, गावातलाच व्हर्नन बसलाय. म्हातारा झाला होता, पण तोच. मांडीवर उकडलेल्या शेंगांची पुडी.

"पाव्हणं, ह्या खुर्चीत बसायचं म्हणजे आधी एक सांगायला लागतं," व्हर्नन म्हणाला. "आपल्या कॉलेजचा सगळ्यात भारी रिसीव्हर कोण? आजवरचा. बॉल झेलणारा खरा मर्द!"

शनिवार होता, हातात बॉल झेलून पळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या मॅचचा दिवस. बाहेर गाड्यांवर कॉलेजचे जांभळे झेंडे फडफडत होते. गप्प बसलं असतं तर संशय आला असता.

"तो आत्ताचा पोरगा," लोंझो आवाज जाड करून म्हणाला. "ट्रेशॉन."

"हॅ! असले चिकट हातमोजे घालून माझी सासूपण झेलेल! आमचा हार्मन बघायला पाहिजे होता. उघडे हात, ओला बॉल, दोन बोटं मोडलेली. सोडला नाही पठ्ठ्यानं!"

"ट्रेशॉन पळतो किती पण."

"पळणारच. त्याला अडवतंय कोण?"

"आज झेलणाऱ्याला कुणी धरलं तर दहा कॅमेरे फाऊल बघतात," पर्विस हळूच म्हणाला. "तेव्हा एकच असायचा. तोही एका बाजूला."

"ए नदीपलीकडच्या, तू गप! आमच्या गावची पोरगी केलीस म्हणून दुकान चालू दिलं. मत नाही दिलं तुला."

पर्विस हसला नाही. त्यानं खुर्ची गर्रकन फिरवली. लोंझोची पाठ व्हर्ननकडे झाली, तोंड भिंतीकडे. आता त्याला दारही दिसेना. गळ्याखालची चादर पर्विसनं घट्ट बांधली आणि फेस लावायला घेतला.

"आणि सगळ्यात फालतू कोण, ते मला विचारा," व्हर्नन म्हणाला. "लोंझो टार्पली. अठ्ठ्याहत्तरची मॅच, ह्या नदीपलीकडच्यांच्या कॉलेजशीच. शेवटचा बॉल, छातीवर आलेला, आणि सोडला! विकला गेला होता लेकाचा."

छातीवर आला होता, खरंच. पण लोंझोचा डावा हात वर गेलाच नव्हता. मागून कुणीतरी मनगट पकडलं होतं, अंगठा आतल्या बाजूला, नसेवर दाबलेला. त्यानं कोचला सांगितलं. कोचनं फिल्म लावली. फिल्ममध्ये कुणाचा हात दिसेना. मग कारणं सांगतो म्हणून गाव हसलं. पुढं पुढं लोंझोलाच वाटायला लागलं, आपणच रचलं असेल.

"त्या रात्री त्याच्या आईची पडवी पेटवली आम्ही," व्हर्नन शेंग फोडत म्हणाला. "काडी माझी. आज म्हातारीला पुरतायत. पोरगा येणारच. चर्चच्या दारात उभे राहणार आहोत आम्ही. बघतोच कसा आत जातो ते."

वस्तरा गालावरून उतरत होता. पांढऱ्या केसांचे पुंजके चादरीवर पडत होते आणि खालून जुना लोंझो वर येत होता. हनुवटीची खळी उघडी पडली तसा पर्विसचा हात थांबला.

ओळखलं ह्यानं, लोंझोच्या मनात आलं. चादरीखाली हात अडकलेले, आणि गळ्याशी पातं.

बाक करकरलं. "बघू दे तरी पाव्हण्याचं थोबाड," व्हर्नन म्हणाला. पावलं जवळ यायला लागली.

पर्विसनं गरम टॉवेल लोंझोच्या तोंडावर थापला. "झालं नाही अजून. तू नीघ. तुझी माणसं खोळंबली असतील."

"जातो बाबा, जातो. पाव्हणं, सांभाळून. पलीकडचा आहे तो. गळा कापायचा."

व्हर्नन खदाखदा हसला. दारावरची घंटा वाजली. मग कडी सरकवल्याचा आवाज आला. मग खिडकीचा पडदा ओढल्याचा.

टॉवेलाखाली लोंझोला श्वास पुरेना. पावलं परत आली, खुर्चीमागं थांबली. टॉवेल निघाला, खुर्ची फिरली. आरशात आईच्या ओळखीचं तोंड होतं, आणि त्यामागं वस्तरा धरलेला पर्विस, घामानं निथळलेला.

"त्या मॅचमध्ये मी होतो," पर्विस म्हणाला. "अगदी जवळ होतो."

"बाबा रे, आईला पुरू दे मला," लोंझो म्हणाला. "मग काय करायचं ते कर."

"मला मत विचारत नाहीत इथं." पर्विसनं वस्तरा फळीवर ठेवला. "माझं मत लोंझो टार्पलीला. चर्चला मी येतो तुझ्याबरोबर. दारात उभे असतील त्यांना काही सांगायचंय. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"तू काय सांगणार?"

पर्विसनं उजवा हात चादरीखाली घातला आणि लोंझोचं डावं मनगट धरलं. अंगठा आतल्या बाजूला, नसेवर.