बावीस वर्षांचं बूच

बरणीतल्या झाडाने मान टाकली होती, आणि उद्या सकाळी शाळेची चाळीस मुलं ते बघायला येणार होती.

भूगोलाचे निवृत्त मास्तर बरणीसमोर खुर्ची टाकून बसले होते. पाय मुरगळल्यामुळे दोन महिने ते घराबाहेर पडले नव्हते. केस वाढून कॉलरवर आले होते, आणि त्यामुळे आपण थोर शास्त्रज्ञ दिसतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी या बरणीत माती भरली, एक नाजूक झाड लावलं, पेलाभर पाणी घातलं आणि बूच लावून वर मेण ओतलं. त्यानंतर थेंबभरही पाणी नाही. पाण्याची वाफ होते, वाफ काचेवर थंड होते, थेंब मातीत उतरतात, मुळं ते पितात आणि पानं पुन्हा हवेत सोडतात. जगातलं सगळं पाणी असंच फिरतं, हे ते घरी येईल त्याला सांगत. गॅस सिलिंडर आणणाऱ्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं.

शिवाय त्यांनी स्वतःचा एक नियम शोधून काढला होता. दर पाचेक आठवड्यांनी, कुठल्यातरी रविवारी, काचेवरचे थेंब एकदम दुप्पट होत. बावीस वह्यांत तशा नोंदी होत्या. त्याचं कारण विज्ञानाला अजून सापडायचं होतं. उद्या मुलांना ते हाच नियम सांगणार होते. आणि नेमका आत्ताच त्याने दगा दिला होता. आठ आठवडे झाले, काच कोरडी ठाक.

"बाबा, चमचाभर पाणी घालू का?" सुनेने विचारलं. या घरात येऊन तिला महिनाच झाला होता, पण त्यांचा चेहरा बघून तिला खरंच वाईट वाटत होतं.

"पाणी?" मास्तर ताडकन उठले, आणि पाय आठवून तितक्याच घाईने बसले. "एक चमचा घातलास, तर माझी बावीस वर्षं पाण्यात जातील!"

स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत आल्या. बरणीकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"अहो, आधी केस कापून या. मुलं घाबरतील."

"इथे झाड मरतंय आणि तुला माझे केस दिसतात!"

"झाड काही पळून जात नाही. जा बघू. आणि येताना चष्म्याची काडी बसवून आणा."

आज रविवार, म्हणजे सलूनमध्ये गर्दी. मास्तर काठी टेकत, कुरकुरत गेले. सुनेला सासूबाईंनी भाजी आणायला पिटाळलं.

ती परतली तेव्हा मास्तर कातरलेल्या डोक्याने बरणीला नाक लावून उभे होते. काच थेंबांनी भरली होती. पानं अजून पुरती सावरली नव्हती, पण हळूहळू वर येत होती. मास्तरांचे डोळे भरून आले होते.

"बघ सूनबाई! निसर्गाला कोणाचा हात लागत नाही!" एवढं म्हणून ते पाय विसरून वही शोधायला धावले.

सून भाजीची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. सासूबाई सुरीच्या पात्यावरचं मेण खरवडत होत्या.

"आई! म्हणजे ते पाण्याचं चक्र..."

"चक्र अगदी खरं आहे गं. यांनी बसवलेलं बूच सैल आहे, मेणाला चिरा पडतात आणि वाफ निसटते." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "पहिल्याच उन्हाळ्यात झाड सुकायला लागलं. त्याच वर्षी यांचं मुख्याध्यापकपद हुकलं होतं. घरात जेवणसुद्धा धड होत नव्हतं. त्यात हे कुठे सांगू?"

बाहेर मास्तर नोंद लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होते.

सासूबाईंनी अर्धी जळलेली मेणबत्ती सुनेच्या हातात ठेवली. "आता माझा हात थरथरतो, मेण सांडतं. यापुढे तू बघ. अर्धी वाटी पाणी पुरे होतं. आणि त्यांचे केस कानावर आले, की सलूनला पाठवायचं."